चर्चच्या तरुण संघात गर्भपातविरोधी अमेरिकन पाळक मॅट ट्रेवेला यांचं आयुष्य चर्चेला घ्यायचं असेल तर

पाळकसाहेब विषय सुचवून मोकळे होतात, तास घ्यायचा असतो आपल्याला. अहिल्यानगरच्या आमच्या मंडळीत मी तो असा घेते.

आधी फळ्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे अमेरिकेचा कायदा: १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालाने गर्भपाताचा हक्क दिला. १९९४ च्या ‘फेस’ कायद्याने गर्भपाताच्या दवाखान्याची वाट अडवणं केंद्रीय गुन्हा ठरवला. मारहाण न करता पहिल्यांदा अडवली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद. २०२२ मध्ये ‘रो’ रद्द. उजवीकडे ट्रेवेला: विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीचे पाळक, १९९० मध्ये ‘मिशनरीज टू द प्रीबॉर्न’ या गर्भपातविरोधी संघटनेची स्थापना, दवाखान्यांच्या दारात ठिय्या, अटका.

‘आपल्याकडे काय?’ हे कोणीतरी विचारतंच. आपला गर्भपाताचा कायदा १९७१ चा, म्हणजे ‘रो’च्याही आधीचा. मुलांच्या डोक्यात असतात ‘मुलगी वाचवा’चे फलक आणि सोनोग्राफी. तो लढा वेगळा, एवढं सांगून पुढे व्हा.

वेळ द्यायचा तो जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराला. १५४८ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने प्रोटेस्टंटांवर धर्माचा हुकूम लादला, या शहराने तो धुडकावला. १५५० मध्ये तिथल्या पाळकांनी लिहून काढलं, की वरचा राजा देवाच्या आज्ञेविरुद्ध गेला तर खालच्या अधिकाऱ्याने त्याला अडवावं, ते त्याचं कर्तव्यच आहे. शहराला वेढा पडला. ट्रेवेलांनी २०१३ च्या पुस्तकात हाच धागा धरलाय: आजच्या गव्हर्नरने, शेरीफनेही तसंच उभं राहावं. इथे पोरं भारावतात. भारावू द्या, पण लगेच पुढचं सांगा, चहानंतर नव्हे.

मार्च १९९३ मध्ये फ्लोरिडात पेन्साकोला इथे गर्भपात करणारे डॉ. डेव्हिड गन यांना एका गर्भपातविरोधकाने गोळ्या घातल्या. त्यानंतर पॉल हिल या गर्भपातविरोधी कार्यकर्त्याने असा बळाचा वापर न्याय्य ठरवणारं निवेदन फिरवलं. सह्या करणाऱ्यांत ट्रेवेला होते. जुलै १९९४ मध्ये हिलनेच डॉ. जॉन ब्रिटन आणि त्यांच्यासोबतचे जेम्स बॅरेट यांना ठार केलं. खून ट्रेवेलांनी केला नाही, हे स्पष्ट सांगा. सहीही झाकू नका. ती गाळून साक्ष देणाऱ्यांचा मला राग येतो.

मग ‘प्रेषितांची कृत्ये’ ५:२९ आणि सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा सांगणारं ‘रोमकरांस पत्र’ १३, दोन वेगळ्या आवाजांत, लागोपाठ. कृत्यांचा पाचवा अध्याय शेवटपर्यंत वाचून घ्या: माणसांपेक्षा देवाचं ऐकू म्हणणाऱ्या प्रेषितांनी फटके खाल्ले, कोणावर हात उचलला नाही. मग विचारा, ट्रेवेलांनी मोडला तो कायदा कोणता? इजा कोणाला? शिक्षा भोगली कोणी?

मुलींना ‘तुमचं मत काय’ म्हणून उभं करू नका. कोणाच्या घरात काय घडलंय, आपल्याला ठाऊक नसतं.

आणि समारोपाची प्रार्थना वाद घालणाऱ्यांपैकी कोणालाही देऊ नका. डोळे मिटूनसुद्धा मुद्दे रेटतात.