एक ट्रक, दोन मुलं: बालवाडीतलं भांडण कसं हाताळायचं

दोन मुलं एकाच लाल ट्रकला धरून ओढतायत. एकाचे डोळे भरलेत, दुसऱ्याने हात उगारलाय. अशा वेळी लांबून ‘ए, भांडू नका रे!’ असं ओरडून काही होत नाही. उठून जा. दोघांच्या मध्ये जमिनीवर बसा, म्हणजे तुमची नजर त्यांच्या नजरेच्या उंचीवर येईल. उगारलेला हात न दुखावता पण पक्का धरा आणि एवढंच म्हणा, ‘मारायचं नाही. मी थांबवतेय.’ मग ट्रक तुमच्या मांडीवर घ्या: ‘आपलं ठरेपर्यंत हा इथे.’ तो दोघांना दिसत राहू द्या. कपाटात टाकलात तर दोघं मिळून तुमच्यावर चिडतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

आता एकेकाचं ऐका आणि ऐकलेलं परत बोलून दाखवा. ‘तुला ट्रकमध्ये मणी भरायचे होते.’ ‘आणि तुला वाटलं, ट्रक नुसताच पडलाय.’ ‘आधी कोणी घेतला?’ हे विचारू नका. ते विचारलं की तुम्ही न्यायाधीश होता आणि पुढच्या वेळी मुलं एकमेकांशी न बोलता थेट तुमच्याकडे तक्रार घेऊन येतात. मग प्रश्न मांडा: ‘ट्रक एक आहे, हवा दोघांना आहे. काय करूया?’

आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. मोठ्यांना ही शांतता जड जाते, तोंडातून तोडगा निसटतोच. पण मूल विचार करतं ते याच वेळात. पाच वर्षांची मुलं काहीतरी सुचवतात: ‘मी भरतो, तो चालवेल.’ तीन वर्षांच्यांना सुचत नाही, त्यांना दोन पर्याय द्या आणि त्यांतला एक निवडू द्या. ठरलेलं प्रत्यक्ष होईपर्यंत जागचं हलू नका. तुम्ही लगेच उठलात तर ज्याचा जोर जास्त, ट्रक त्याचाच.

अंगणवाडीत ३ ते ६ वयाची मुलं एकाच खोलीत असतात. तिथे ‘तू मोठा ना, देऊन टाक’ हे वाक्य फार सहज येतं. त्यातून मोठं मूल वाटून घ्यायला शिकत नाही. लहान आलं की आपली वस्तू जाते, एवढंच शिकतं. पाळी ठरवा. तीन वर्षांच्या मुलांसाठी दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ किंवा एक बडबडगीत संपेपर्यंतचा वेळ पुरे. चार-पाच वर्षांच्यांना ‘तुझं झालं की तिला नेऊन दे’ असं सांगता येतं. स्वतःहून वस्तू देताना मुलाचा चेहरा कसा होतो ते बघा, ती हिसकावून घेतल्यावर होतो त्यापेक्षा फार वेगळा असतो.

‘सॉरी म्हण’ हा आग्रह सोडा. मुलाला तो शब्द सुटकेचा परवाना वाटतो: ढकललं, सॉरी म्हटलं, संपलं. त्याऐवजी दुरुस्तीचं काम द्या. पडलेला मनोरा पुन्हा रचायला मदत करायची, लागलं असेल तर ओला रुमाल आणून द्यायचा. ‘तिला आता काय हवंय, विचार’ असं म्हटलं की मुलाचं लक्ष तुमच्या रागावरून समोरच्या चेहऱ्याकडे वळतं.

भांडणं खोलीच्या मांडणीतूनही होतात. मुंबईत बालवाडीची खोली बहुधा लहान, त्यातून जून ते सप्टेंबर बाहेर जाता येत नाही. ठोकळे दाराच्या वाटेवर मांडले तर ये-जा करणाऱ्याचा पाय लागणारच. ते कोपऱ्यात घ्या. एका कोपऱ्यात चारच मुलं हवी असतील तर चारच आसनं ठेवा. आसन रिकामं नसेल तर थांबायचं, हे आसनच सांगतं, तुम्हाला बोलावं लागत नाही. तीन वर्षांच्या गटात आवडत्या खेळण्याचे निदान तीन सारखे नग हवेत. त्या वयात मुलं एकमेकांशेजारी खेळतात, एकत्र खेळणं नंतर येतं.

भावनांचे शब्द भर रागात शिकवू नका, तेव्हा डोक्यात काही शिरत नाही. सकाळी सगळे गोल करून बसतात तेव्हा शिकवा. राग, भीती, आनंद, रडू या चारांपासून सुरुवात करा, मग मराठीचा खजिना उघडा: रुसणं, हिरमुसणं, लाजणं, हेवा वाटणं. ‘तू हिरमुसलीस, कारण तुला पतंगाचा कागद मिळाला नाही’ असं नेमकं ऐकलं की मूल खांदे सैल सोडतं. शरीराची खूणही जोडा: कान गरम होतात, पोटात गोळा येतो. घरी हिंदी बोलणारं मूल ‘गुस्सा आया’ म्हणालं तर तेच धरून बोला. इथे भाषा सुधारायची नाही. श्वासासाठी ‘मोगऱ्याचा वास घे, गरम चहावर फुंकर मार’ हे तीनदा. मात्र शांत असताना रोज सराव झाला असेल तरच ते रागात आठवतं.

स्वतःला आवरायला शिकवणारा सगळ्यांत चांगला तास म्हणजे खोटं-खोटं खेळणं. भूमिका घेतलेलं मूल एरवी जमणार नाही इतकं स्वतःला आवरतं, हे वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ सालीच मांडलं होतं. आठ खुर्च्या दोन ओळींत लावा, झाली लोकल. एक मोटरमन, एक गार्ड, एक टीसी, बाकी प्रवासी. नियम दोनच: उतरणारे आधी उतरणार, आणि गार्डने दोनदा घंटा दिल्याशिवाय मोटरमन गाडी सोडणार नाही. सतरंजीवर क्षणभर न टिकणारा मुलगा त्या दोन ठोक्यांची वाट बघत हात हँडलवर धरून बसतो. ‘पुढील स्टेशन दादर’ झालं की भूमिका बदला. रोज तोच मोटरमन झाला तर खेळ बिघडतो, म्हणून नावांच्या चिठ्ठ्या ठेवा. तुम्ही प्रवासी व्हा, सूत्रधार नाही.

चावणाऱ्या मुलाचं काय? आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा: साबण-पाण्याने धुवा, थंड कापड ठेवा, कातडी फाटली असेल तर डॉक्टर. चावणाऱ्याला थोडक्यात: ‘चावल्याने दुखतं. चावायचं नाही.’ नंतर तीन दिवस वहीत टिपा: किती वाजता, कुठे, शेजारी कोण, आधी काय झालं. पुष्कळदा वेळ डब्याच्या आधीची निघते, किंवा हात धुवायच्या रांगेतल्या गर्दीची. मग डबा पंधरा मिनिटं अलीकडे घ्या, रांग दोन तुकड्यांत करा. ‘चावरा’ हे नाव कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका.

सुटताना दारात आई, आजी, व्हॅनवाले काका, सगळे एकदम उभे असतात. तिथे तक्रार सांगायची नाही. ती फोनवर, एकांतात, दुसऱ्या मुलाचं नाव न घेता. दारात नेमकी एकच चांगली गोष्ट सांगा, मुलाला ऐकू जाईल अशी: ‘आज हिने ट्रक ओढला नाही. माझी पाळी कधी, असं विचारलं.’