पचनमार्गाचा कॅन्सर व्हायच्या आधी पेशी बदलतात, ते बदल पकडायचे कसे

दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं इथे धरूच नका. कॅन्सरच्या आधी पेशींत होणारे बदल दुखत नाहीत, सोनोग्राफीतही दिसत नाहीत, दुर्बिणीने आत बघून तुकडा काढून तपासला तरच कळतात. म्हणून त्रास व्हायची वाट न बघता आपला धोका बघून तपासणी ठरवायची.

मोठ्या आतड्यात बहुतेक वेळा आधी पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर छोटी गाठ होते. सगळे पॉलिप बिघडून कॅन्सर होत नाही, पण जो बिघडतो त्यालाही साधारण 10 वर्षं लागतात, म्हणजे हातात वेळ भरपूर असतो. बऱ्याच गाइडलाइन्स 45 किंवा 50 व्या वर्षी तपासणीला सुरुवात करा म्हणतात. आईवडील, भावंडं यांच्यापैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर 40 व्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या 10 वर्षं आधी, जे लवकर येईल ते. फिट टेस्ट शौचातलं न दिसणारं रक्त शोधते, ती पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायचीच, मूळव्याधीचं असेल म्हणून परत फिट करत बसू नका प्लीज. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायचं औषध पूर्ण घ्या, नाहीतर चपटे पॉलिप सुटतात.

जठराच्या कॅन्सरचं मुख्य कारण एच. पायलोरी नावाचा जिवाणू. तो शोधणाऱ्या श्वासाच्या टेस्टआधी ॲसिडिटीच्या पीपीआय गोळ्या 2 आठवडे आणि अँटिबायोटिक 4 आठवडे बंद लागतात (डॉक्टरांना विचारूनच), नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. वर्षानुवर्षं छातीत जळजळ, त्यात वय पन्नाशीपुढे, वजन जास्त, स्मोकिंग असेल तर अन्ननलिकेत बॅरेट्स (ॲसिडमुळे अन्ननलिकेच्या अस्तराच्या पेशी बदलणं) आहे का ते एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून बघायला सांगा.

गिळताना अडकणं, रक्त जाणं, वजन आपोआप उतरणं असं काही असेल तर हे सगळं सोडा, सरळ डॉक्टर गाठा.

आता बायोप्सी रिपोर्ट, तो स्वतः वाचा. मेटाप्लेझिया म्हणजे एका प्रकारच्या पेशींच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या आल्या, त्याचा बहुतेकांना कॅन्सर होत नाही, पण पुढे लक्ष ठेवायचं का ते विचारायचं. डिस्प्लेझिया म्हणजे पेशींची केंद्रकं मोठी, गडद, एकमेकांवर चढलेली दिसतायत, हा खरा इशारा. सूज असली तरी पेशी थोड्याफार तशाच दिसतात, त्यामुळे बॅरेट्समध्ये डिस्प्लेझिया लिहून आलं की तीच स्लाइड पचनमार्गाच्या दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्या, हा तुमचा हक्कच आहे. हाय ग्रेड (जास्त तीव्र) डिस्प्लेझिया पक्कं झालं तरी अनेकदा तेवढा भाग दुर्बिणीतूनच काढता किंवा जाळता येतो, पोट उघडावं लागत नाही.