कॅड-कॅमची अडचण घेऊन जाताना

नागपूरजवळ हिंगण्याला किंवा बुटीबोरीला एखाद्या जाणत्या प्रोग्रॅमरकडे व्हीएमसीची (प्रोग्रामवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनची) अडचण घेऊन निघायचं असेल, तर सगळ्यात आधी पोस्टची, म्हणजे कॅममध्ये आखलेल्या कामाचा मशीनसाठी प्रोग्राम लिहून देणारी, फाईल पेनड्राइव्हवर टाका. मागच्या खेपेला नेमकी तीच राहिली आणि भर उन्हातली बुटीबोरीची चक्कर फुकट गेली.

लॅपटॉप, चार्जर, डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी) हे सांगायला नको. ड्रॉइंगची पीडीएफ घ्या. मॉडेल मूळ फाईलमध्येही घ्या आणि स्टेपमध्येही (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी फाईल). स्टेपमध्ये आकार तेवढा जातो, फीचर कसे केले ते जात नाही, टूलपाथ (टूल कुठून कसा फिरणार ती वाट) तर नाहीच. समोरच्याचं कॅड सॉफ्टवेअर, म्हणजे सॉलिडवर्क्स, तुमच्यापेक्षा जुनं असलं की मूळ फाईल अडते, म्हणून व्हर्जन फोनवरच विचारून घ्या. असेंब्ली असेल तर पॅक अँड गो (सगळे पार्ट एकत्र बांधून घ्यायची सोय) करा, नाहीतर निम्मे पार्ट घरच्या कॉम्प्युटरवरच राहतात. थ्रीडी प्रिंटिंगची एसटीएल फाईल नेऊ नका. तिच्यात नुसते त्रिकोण असतात, एकक नसतं; मिलिमीटरचे इंच धरले गेले की जॉब २५.४ पट मोठा.

आता पोस्ट. घेतली का? स्क्रीनवरचं सिम्युलेशन बहुतेक वेळा टूलपाथचं असतं. मशीन टूलपाथ वाचत नाही, पोस्टने लिहिलेला प्रोग्राम वाचतं. तुमची पोस्ट सोबत नसेल तर तो भला माणूस त्याच्या पोस्टने प्रोग्राम काढतो, तो स्वच्छ निघतो, तुम्ही समाधानाने परत येता, आणि आपल्या पोस्टने काढला की मशीनच्या फानुक कंट्रोलरवर पुन्हा तोच ०२० अलार्म. हा अलार्म आर्कचा, म्हणजे गोलाकार चालीचा. केंद्रापासून सुरुवातीचा बिंदू आणि केंद्रापासून शेवटचा बिंदू, ही दोन अंतरं जुळत नाहीत असं मशीन सांगतंय. किती फरक चालवून घ्यायचा ते पॅरामीटर ३४१० मध्ये असतं. तो आकडा वाढवून अलार्म घालवा असं कुणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका, आधी प्रोग्राममधली ती ओळ बघा. जी०२-जी०३ च्या (आर्कच्या) ओळीत आय-जे (केंद्राची जागा) येणार की आर (त्रिज्या), दशांशानंतर किती अंक येणार, हे पोस्ट ठरवते. आर देऊन पूर्ण वर्तुळ फानुकवर निघत नाही, हेही त्या ओळीतच सापडतं. म्हणून पोस्ट न्या: कॅम सॉफ्टवेअर फ्यूजन असेल तर सीपीएस फाईल, मास्टरकॅम असेल तर पीएसटी. सोबत तिच्यातून निघालेला प्रोग्राम, हात न लावलेला. सेटरने (मशीनवर जॉब लावणाऱ्याने) मशीनवर काही बदललं असेल तर तीही प्रत वेगळी घ्या.

फ्यूजनचा वैयक्तिक वापराचा फुकट परवाना असेल तर आधीच सांगा. त्यात जी०० ची जलद चाल मिळत नाही, आणि लोक उगाच पोस्टमध्ये दोष शोधत बसतात.

अलार्मच्या स्क्रीनचा फोटो, कंट्रोलरचं पूर्ण मॉडेल, जी५४ चा झिरो (जॉबवरचा मोजणीचा शून्यबिंदू) कुठे घेतलाय, टूलचा व्यास, टूल होल्डरबाहेर किती, मटेरियल. एवढं एका कागदावर लिहा.

निघताना पेनड्राइव्ह लावून पोस्ट उघडून बघा. कधी नुसता शॉर्टकट कॉपी झालेला असतो, फाईल नसते.

परत आल्यावर झेड (टूलची उंची) वर उचलून सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ करून, हवेत चालवा, मगच जॉबवर. दुरुस्त पोस्ट जुनीवर चढवू नका, वेगळ्या नावाने ठेवा.