अडॅप्टरमधला कॅमेरा: विकणाऱ्यालाही जाब कसा विचारायचा

सदाशिव पेठेत माझ्याकडे कॉट बेसिसवर बारा मुली राहतात. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात गिझरशेजारच्या प्लगला मोबाईलचा अडॅप्टर दिसला. कुणाचाच नव्हता. एकीने जवळून पाहिलं, तर वायरच्या खाचेवर मोहरीएवढी काच.

मी तो उपटून कपाटात ठेवला, ही माझी चूक. तुम्ही हात लावू नका. फोटो काढा, दार बंद करा, ११२ ला फोन करा. मेमरी कार्ड पोलिसांनीच पंचनाम्यात काढावं. लावणाऱ्यावर चोरून चित्रण केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि आयटी कायद्याचं ६६ई लागतं. ते पोलीस बघतात. विकणाऱ्याचं मात्र आपणच काढावं लागतं.

त्या रात्री तसाच अडॅप्टर ऑनलाइन शोधला. मिळाला. वर्णनात 'कुणाला संशय येणार नाही', आणि खाली एकाचा प्रश्न: 'बाथरूमच्या वाफेत चालेल का?' विक्रेत्याचं उत्तर: 'चालेल.' माझे हात गार पडले.

हे पान म्हणजे पुरावा. पत्ता, तारीख, विक्रेता, चित्रं, प्रश्नोत्तरं, सगळ्याचे स्क्रीनशॉट तक्रारीआधी घ्या. नंतर पान गायब होतं. ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतले तो विकू नका, कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

वर्णनाला एवढं महत्त्व का? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात हुकाच्या आकाराच्या कॅमेऱ्यावरून ॲमेझॉनवर दावा झाला. जाहिरातीत त्याच हुकाला टॉवेल टांगलेले! गुन्हा वापरणाऱ्याचा, आमचा काय संबंध, असं कंपनी म्हणाली. २०२३ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट चेंबर्स यांनी दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. तो निकाल नव्हे, पण दार उघडलं.

आपल्याकडे कंपन्या 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणत, मध्यस्थाला जबाबदारीतून सूट देणारं आयटी कायद्याचं कलम ७९ पुढे करतात. ते संरक्षण योग्य खबरदारी घेणाऱ्यालाच आहे. माल कंपनीच्याच गोदामातून येत असेल तर ती 'फक्त मध्यस्थ' कशी, हेही तक्रारीत लिहा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण व्हायला हवं.

अडचण पुढे आहे. कॅमेरा मुलींनी विकत घेतलेला नाही, त्यामुळे ग्राहक आयोगात 'तुम्ही ग्राहकच नाही' असं ऐकावं लागू शकतं. आमच्या वकीलबाईंनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम १७ दाखवलं: अनुचित व्यापाराची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे देता येते. याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन कंपन्यांवर आदेश काढले आणि सीटबेल्टचा अलार्म बंद पाडणाऱ्या क्लिपांच्या १३,११८ जाहिराती उतरल्या. क्लिप गाडीत कुणी लावली हे तिथे कुणी विचारलं नाही.

अर्ज दोन प्रतींत द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. माझ्या प्रतीवर शिक्का पुसट उठला होता. पुन्हा मारून घेतला.