एच-४ व्हिसा आणि अडलेला वाहन परवाना: माझा अनुभव
अमेरिकेत एच-४ व्हिसावर (तिथे कामाच्या एच व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) आल्यानंतर वाहन परवान्यासाठी लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, तरी अर्ज 'पडताळणी प्रलंबित' या शेऱ्यावर अडकून पडला. परदेशी नागरिकाचा वास्तव्याचा दर्जा राज्याचे परवाना कार्यालय 'सेव्ह' या संघीय प्रणालीतून तपासते, आणि त्या तपासणीची स्थिती आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची व वास्तव्याच्या मुदतीची सरकारी नोंद) क्रमांक व जन्मतारीख भरून 'सेव्ह'च्या 'केसचेक' या ऑनलाइन सेवेवर आपल्याला घरबसल्या पाहता येते, हे खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. पासपोर्ट आणि आय-९४ शेजारी ठेवून वाचल्यावर कारण सापडले: पासपोर्टमध्ये आपल्या रीतीप्रमाणे माझ्या नावापुढे असलेले पतीचे नाव आय-९४ वर आडनावाला चिकटून एकच लांबलचक शब्द झाला होता.

ही दुरुस्ती परवाना कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही; त्यासाठी अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाचे 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालय असते. तिथे पासपोर्ट व व्हिसा दाखवून नोंद सुधारून घेतली, आय-९४ ची नवी प्रत उतरवली आणि पडताळणी पुन्हा करण्याची विनंती केली. सोशल सिक्युरिटी क्रमांक (नोकरी व करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) मिळण्यास अपात्र असल्याचे पत्रही माझ्या राज्यात लागले, ते आधीच घेऊन ठेवले होते. परवाना मिळाला, मात्र त्याची मुदत आय-९४ च्या तारखेपर्यंतच आहे. वास्तव्याला मुदतवाढ मिळताच नूतनीकरण करावे लागेल.