पहिलीच्या तयारीची उद्दिष्टं अंगणवाडीत कशी ठरवायची?

'मुलांना मुळाक्षरे व १ ते १०० अंक येतील.' पूर्वतयारीच्या उद्दिष्टांच्या पानावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं. ही ओळ आधी खोडा. पहिलीत जाणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला नेमकं काय जमायला हवं, ते तिच्यातून कळत नाही.

आधी बघा, मग लिहा. जूनमध्ये वही उघडायची घाई नको. पंधरा दिवस नुसतं बघा. चप्पल कोण स्वतः घालतं, आईचा पदर कोण सोडत नाही, गोष्ट संपेपर्यंत कोण बसतं, शू लागली हे कुणाला सांगता येत नाही. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तारीख घालून दोन ओळी लिहा.

मग शेजारच्या शाळेत जा. पहिलीच्या बाईंना विचारा, 'नवी मुलं सुरुवातीला कशात अडतात?' मी हा प्रश्न जिथे जिथे विचारला, तिथे उत्तरात अक्षरं क्वचितच आली. मूल रडतं, मदत मागत नाही, सांगितलेलं ऐकून घेत नाही, हेच आधी आलं.

आता उद्दिष्ट लिहा, पण डोळ्यांना दिसेल असं. एका मुलीने माझ्यासमोर वीसपर्यंत न अडखळता अंक म्हटले. पुढ्यात चिंचोके ठेवून म्हटलं, 'मला पाच दे गं.' तिने मूठभर उचलले आणि माझ्या हातावर ठेवले. अंक तिला गाण्यासारखे पाठ होते, मोजणं अजून यायचं होतं. 'अंकज्ञान होईल' असं लिहिलं असतं तर हे कधी लक्षातच आलं नसतं. तिच्यासाठी आम्ही लिहिलं: 'दिवाळीपर्यंत पाचपर्यंत सांगू तेवढे चिंचोके मोजून देईल.' मग रोज खाऊच्या वेळी वाट्या मांडायचं काम तिच्याकडे दिलं. एका मुलापुढे एक वाटी. उद्दिष्टाला रोजच्या कामात अशी जागा मिळाली नाही, तर ते वहीतच राहतं.

एका मुलामागे चार-पाच उद्दिष्टं पुरेत. शरीर, भाषा, विचार, इतरांशी वागणं आणि स्वतःची कामं, यांतलं प्रत्येकी एखादं. हाताच्या बाबतीत 'पेन्सिल धरेल' इथून सुरुवात करू नका. आधी माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं. बोटांत बळ आलं की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

भाषेचं उद्दिष्ट घरच्या बोलीत ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. शाळेने मुलाच्या घराकडे जायचं, हाच धडा भाषेलाही लागू आहे. 'पाहिलेली गोष्ट सलग चार वाक्यांत सांगेल' हे उद्दिष्ट वारलीत, अहिराणीत, गोंडीत पुरं झालं तरी ते पुरंच झालं. प्रमाण मराठी त्याच बोलीचा हात धरून येते.

पालकांना सुरुवातीलाच बोलवा. 'शेजारचा मुलगा एबीसीडी लिहितो' हे कुणीतरी म्हणणारच. रागावू नका, त्यांची काळजी खरी आहे. त्यांना सांगा की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एकाच वाटेवर आहेत. अक्षरं राहून जाणार नाहीत. मग एखाद्या मुलाला त्यांच्यासमोर चिंचोके मोजायला द्या. ते पाहिल्यावर तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही.

दिवाळीआधी एकदा, फेब्रुवारीत एकदा पडताळा. परीक्षा घेऊ नका, खेळताना बघा. उद्दिष्ट गाठलं नसेल तर मुलाला 'कच्चं' म्हणू नका, खेळ बदलून बघा. तरीही मूल हाकेला वळत नसेल किंवा चित्र डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. तुमची तारखांची नोंद त्यांना दाखवा. ते यायला वेळ असेल तर पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

वर्षाअखेरीस वही कपाटात ठेवू नका, पहिलीच्या बाईंना द्या. 'पाचपर्यंत मोजते, दहापर्यंत चुकते. गोष्ट वारलीत सांगते. मोठ्या आवाजाला घाबरते.' एवढं कळलं, तरी पहिल्या दिवशी तिला घंटेपासून लांब, कुणा ओळखीच्या मैत्रिणीशेजारी बसवता येतं.