आजारातून बऱ्या झालेल्या मुलांसोबत सहलीला जाताना

परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. अशा मुलामुलींना एखादा दिवस डोंगरात किंवा जंगलात नेणाऱ्या सहलींना स्वयंसेवक लागतात, आणि उत्साही माणसांची मुंबई-पुण्यात वाण नाही. कमी पडते ती पूर्वतयारी. पुढील सूचना बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांपर्यंतची एक दिवसाची सहल समोर ठेवून लिहिल्या आहेत.

सहलीला येण्याची परवानगी मुलाच्या डॉक्टरांनी लेखी द्यावी लागते आणि ती मिळवणे हे संयोजकांचे काम असते. स्वयंसेवकाने मात्र आपल्या गटातील प्रत्येक मुलाला काय जमते, काय टाळायचे आहे आणि कोणते औषध किती वाजता द्यायचे आहे, एवढे आदल्या दिवसापर्यंत विचारून घ्यावे. संपूर्ण फाइल मागण्याचे कारण नाही. स्वतःला सर्दी, खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल, तर कितीही वाईट वाटले तरी घरीच थांबावे, कारण उपचार संपून काही महिनेच झालेल्या मुलाची प्रतिकारशक्ती पुरती सावरलेली नसते. सहल नेणाऱ्या संस्थेने पोलीस पडताळणी मागितली तर तो अपमान समजू नये. कोणत्याही मुलासोबत एकट्याने आडबाजूला जाऊ नये. प्रसाधनगृहापर्यंत सोबत करायची झाली तरी दोन मोठी माणसे असावीत.

मूल बरे झालेले असते, पण उपचारांचा मागमूस शरीरात राहू शकतो आणि तो बहुधा बाहेरून दिसत नाही. डॉक्सोरुबिसिनसारख्या काही औषधांचा परिणाम हृदयावर होऊ शकतो, त्यामुळे धडधाकट दिसणारा पंधरा वर्षांचा मुलगा चढावर इतरांच्या आधी दमतो. व्हिंक्रिस्टिन या औषधामुळे पायांच्या नसा दुबळ्या झाल्या असतील, तर पाऊल पुरेसे उचलले जात नाही आणि बोटे पायरीला अडकतात. एखाद्या मुलाच्या बुटाचे टोकच तेवढे झिजलेले दिसले, की पायऱ्यांवर त्याच्या जवळ राहावे. हाडाच्या कर्करोगानंतर पायात कृत्रिम सांधा बसवलेल्या मुलाने उड्या मारू नयेत. एक डोळा गमावलेल्या मुलाला उतरताना पायरीची खोली नीट कळत नाही. त्याच्या न दिसणाऱ्या बाजूने आपण चालावे, बोलायचे झाले की मात्र दिसणाऱ्या बाजूला यावे. सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू कमी येऊ लागलेल्या मुलाला मागून मारलेली हाक कळणार नाही. ज्या भागाला रेडिएशन दिले होते तिथली त्वचा उन्हाने लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी सर्वांनाच घालायला सांगावी, म्हणजे एकाच मुलाला वेगळे काढल्यासारखे होत नाही.

कान्हेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यात काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो, तर मार्चनंतर कातळ तापतो. सोमवारी उद्यान बंद असते. मुख्य दरवाजापासून लेणी काही किलोमीटर आत आहेत. ते अंतर वाहनानेच जावे आणि मुलांची शक्ती वरच्या पायऱ्यांसाठी राखावी.

चालण्याची गती सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाने ठरवावी, पण ती तो ठरवतो आहे हे कोणाला कळू नये, त्याला तर मुळीच नाही. ‘अमक्याला दम लागलाय, थांबूया’ असे एकदा कोणी म्हटले, की तो मुलगा उरलेल्या वाटेत दम लागला तरी सांगत नाही. त्याऐवजी थांबायला निमित्त असावे, आणि कान्हेरीत निमित्तांना तोटा नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. तिथे सहज पंधरा मिनिटे बसता येते. पुढे जागोजागी पाण्याच्या पोढी, म्हणजे कातळात खोदलेली टाकी आहेत. कातळावर पडलेले पावसाचे पाणी बारीक पन्हळांतून त्यांत कसे उतरते, ते मुलांनाच शोधून काढायला लावावे. एक स्वयंसेवक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे असावा, आणि पुढच्याने मागच्याची खूण झाली की नवे काहीतरी दाखवण्यासाठी थांबावे. ज्याला वरच्या लेण्यांपर्यंत जायचे नाही, त्याच्यासोबत खाली थांबणारे दोघे आधीच ठरलेले असावेत, नाहीतर ऐनवेळी सगळे एकमेकांकडे पाहतात आणि मुलाला आपण ओझे झालो असे वाटते. वटवाघळांची विष्ठा पडलेल्या अंधाऱ्या दालनांत मात्र कोणालाही नेऊ नये. त्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो.

सर्वांत जास्त जपायचे ते बोलताना. अनेक घरांत मुलाला त्याच्या आजाराचे नाव सांगितलेलेच नसते. ‘रक्तात दोष होता’, ‘पोटात गाठ होती’ एवढ्यावरच निभावलेले असते. कर्करोग हा शब्द त्याने पहिल्यांदा आपल्या तोंडून ऐकावा, हे कदापि होऊ देऊ नये. मूल स्वतःहून बोलू लागले, तर ऐकावे, त्याने जो शब्द वापरला तोच आपणही वापरावा, आणि ‘परत होईल का?’ असे त्याने विचारलेच, तर ‘नाही रे, काही होत नाही’ असे ठोकून न देता ‘हे तुझ्या डॉक्टरांना विचारूया, मी ताईंना सांगून ठेवतो’ असे म्हणून ते खरोखरच संस्थेच्या समुपदेशकांपर्यंत पोहोचवावे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला ‘बाळा’ म्हणू नये. मुले आपल्याला दादा-ताई म्हणतात, तेवढे नाते दिवसभरासाठी पुरते. ‘किती सोसलंस गं!’ हे वाक्य तिने घरी, नातेवाइकांकडे, लग्नकार्यात पुष्कळदा ऐकलेले असते. सहलीला ती बहुधा त्यापासून सुटका म्हणूनच आलेली असते.

छायाचित्रे काढायची ती संस्थेने नेमलेल्या व्यक्तीनेच. आपल्याकडे मुलीचा जुना आजार तिच्या स्थळाआड येतो, म्हणून कित्येक कुटुंबे तो शेजाऱ्यांपासूनही लपवतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेला एक फोटो ती सगळी काळजी पाण्यात घालवू शकतो. स्वतःचा फोटो मिळणार नसेल तर सेवेत गोडी वाटत नाही, अशांनी या वाटेला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये. आधी संयोजकांमार्फत डॉक्टरांना फोन करावा, कारण ताप उतरवल्याने संसर्ग केवळ झाकला जातो. एक मूत्रपिंड काढलेल्या मुलाला आपल्या खिशातली दुखण्यावरची गोळी देऊ नये. माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडू नये, आणि ओरखडा किंवा चावा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक असला, तरी संस्थेचे वाहन पायथ्याशी थांबवून ठेवणे अधिक भरवशाचे, आणि वर मोबाइलला रेंज मिळेलच असे धरून चालू नये.

परतल्यावर कोण कुठे दमले, कोणी जेवण टाकले, कोणाचा पाय मुरगळला, हे त्याच संध्याकाळी संयोजकांना लिहून द्यावे. मुलांना आपला खाजगी नंबर देऊ नये आणि पुढच्या भेटीचे वचनही देऊ नये. सहलीनंतर दोन दिवसांत आपल्या अंगावर कांजिण्यांचे फोड उठले, तर ते दिसताच संस्थेला कळवावे, कारण कांजिण्या फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात आणि संपर्कात आलेल्या मुलाला प्रतिबंधक उपचार द्यायचे झाल्यास ते लगेच सुरू करावे लागतात.